गळाची पेटी

गळाचे नंबर उलटे चालतात. दहा नंबरचा गळ करंगळीच्या नखावर मावतो. आठचा त्याहून मोठा, सहाचा आणखी मोठा. असं उतरत एक नंबरला आलं की गळ चांगला दणकट झालेला असतो. तिथून पुढे आकड्याला शून्य चिकटतं: एक-शून्य, दोन-शून्य, तीन-शून्य. आता मात्र आकडा वाढेल तसा गळही वाढतो. त्यात एका कंपनीचा चार नंबर दुसरीच्या सहाएवढा निघतो, कारण या आकड्यांचं सगळ्यांनी पाळावं असं एकच माप कधी ठरलेलं नाही. नवखा माणूस दुकानात जाऊन 'मोठ्यातला मोठा द्या, दहा नंबरचा' म्हणतो, तेव्हा जाणता दुकानदार नंबराच्या वादात पडत नाही. तो एवढंच विचारतो, 'मासा कुठला?'

प्रश्न साधा वाटतो, पण अहिल्यानगर जिल्ह्यात त्याचं उत्तर गेल्या दोनशे वर्षांत फार बदललं आहे. नदी बदलली, मासा बदलला, माशाचं तोंड बदललं, आणि तोंडाबरोबर गळ बदलला. काठावर बसणाऱ्या जुन्या माणसाची गळांची पेटी उघडली की खालच्या कप्प्यात गंजलेले तीन-शून्य असतात आणि वरच्या कप्प्यात चकचकीत आठ आणि दहा. खालच्या गळांचे मासे कमी झाले आणि वरच्या गळांचे वाढले, एवढं त्यावरून कुणालाही कळावं. धरणांमुळे इथल्या माशांचं काय झालं हे अहवालातून समजून घेण्याआधी मी ते या पेटीवरून समजून घेतलं, आणि अजूनही मला तोच पुरावा जास्त भरवशाचा वाटतो.

सुरुवात भीमेवरून करू. विल्यम हेन्री साइक्स हा इंग्रज लष्करी अधिकारी १८२४ पासून काही वर्षं मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर हिंडला. पिकं, पाऊस, बाजारभाव नोंदता नोंदता त्याने नद्यांतले मासेही गोळा केले. १८३९ मध्ये त्याने त्यांची शास्त्रीय वर्णनं दिली आणि १८४१ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने ती चित्रांसह सविस्तर छापली. या वर्णनांत भीमेवरचं 'पैरगाव' येतं, म्हणजे श्रीगोंदा तालुक्यातलं बहादूरगडाचं पेडगाव. घोडनदीवरचं 'सीरूर' येतं, म्हणजे शिरूर, जिथे नदी ओलांडली की आपला जिल्हा लागतो. साइक्सने काठावरच्या लोकांच्या तोंडची नावं उचलली आणि ती जशी ऐकू आली तशी शास्त्रीय नावांत बसवली. खुद्री, कोलस, सींगटी, टाकरी, नुक्ता. आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात दख्खनच्या महासीरला टॉर खुद्री म्हणतात, तेव्हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या काठावरचा कुणीतरी अनाम कोळी त्यांच्या तोंडून बोलत असतो.

साइक्सच्या यादीत रोहू, कटला आणि मृगळ शोधायला गेलं तर हात रिकामा राहतो. ते गंगेच्या खोऱ्यातले. चिलापी तर आफ्रिकेतली. म्हणजे आज नगरच्या मासळीबाजारात समोर जे पसरलेलं असतं, त्यातलं बहुतेक त्या काळच्या पेडगावच्या माणसाने पाहिलेलंच नव्हतं.

मधल्या काळात धरणं आली. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. पुढे राहुरीजवळ मुळेवर बारागाव नांदूरचं धरण झालं. १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी भरलं आणि त्याचं फुगवट्याचं पाणी शेवगाव-नेवाशाच्या शिवारात शिरलं. १९८० मध्ये उजनी झालं आणि कर्जत तालुक्यात सिद्धटेकच्या बाजूला भीमा वाहायची थांबून साचू लागली. वाहत्या पाण्यात, दगडगोट्यांच्या पात्रात वाढणाऱ्या महासीरसारख्या माशांना साचलेलं पाणी मानवत नाही. त्यांची जागा भरायला सरकारकडे बोटुकली होती. ती मुबलक मिळू लागली याचं श्रेय हिरालाल चौधुरी यांना. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात त्यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. त्याआधी रोहू-कटल्याचं बी पुराच्या नदीतून गाळून आणावं लागायचं. नंतर ते हॅचरीत तयार होऊ लागलं आणि राज्याराज्यांतल्या धरणांत सोडलं जाऊ लागलं. चिलापी त्याच्या आधीच, १९५२ मध्ये भारतात आली होती. तिला कुणी सोडावं लागत नाही. एकदा आली की ती स्वतःच स्वतःची व्यवस्था करते.

आता पुन्हा पेटीकडे वळू.

गळ निवडायचा तो माशाच्या वजनावरून नाही, तोंडावरून. पाच किलोचा कटला पकडायला बारीक गळ लागतो आणि दोन किलोच्या मरळीला त्याच्या दुपटीतिपटीचा, हे काठावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि त्यात दात नसतात. तो पाण्यातलं बारीकसारीक गाळून खातो. त्याला मोठा घास चालत नाही. म्हणून शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं बेसन आणि कणीक मळून केलेल्या गोळ्याभोवती आखूड दोऱ्यांवर चार-सहा बारके गळ लोंबत सोडतात. गोळा पाण्यात विरघळू लागतो, कटला ते पीठ ओढतो आणि पिठाबरोबर एखादा गळही आत जातो. रोहूचं तोंड खाली, ओठ झालरीसारखे. तो चाखत चाखत घेतो. बुचाचा तरंगा नुसता थरथरतो आणि माणूस झटका द्यायची घाई करून मासा घालवतो.

वाम निमुळत्या तोंडाची. ती गांडूळ गिळत गिळत पोटापर्यंत नेते, म्हणून तिला लांब दांडीचा गळ, काढताना पकड तरी बसते. शिंगट्याचा गळ मध्यम चालतो, पण हात मोठा धीराचा लागतो. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंच्या परांचा काटा तो ताठ करून अडकवतो आणि पंजात घुसवतो. चिलापीचं तोंड लहान, आठ-दहा नंबरच बरा. तिची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते आणि त्या दिवसांत सहसा खात नाही. त्यामुळे गळ तिच्या वंशाला फारसा धक्का लावत नाही. जाळं लावतं, पण उजनीची चिलापी जाळ्यालाही पुरून उरली आहे.

आणि मरळ. कठीण जबडा, आत दात, डोकं सापासारखं. तिचा घास म्हणजे बेडूक किंवा बोटाएवढा मासा. इथे एक-शून्य ते तीन-शून्य, जाड तारेचा. पातळ तारेचा गळ तिच्या जबड्यात रुतण्याआधी उघडतो आणि मासा गेल्यावर आपल्या हातात सरळ झालेली तार उरते. पेटीतल्या खालच्या कप्प्याची मालकीण हीच. या मरळीमुळेच मी फिरकीकडे वळलो.

फिरकी, म्हणजे दोऱ्यावर फिरतं पातं, मणी आणि गळ ओवून केलेलं आमिष, ही मूळ परदेशी चीज. अमेरिका-कॅनडाच्या थंड सरोवरांत वॉलाय नावाचा मासा असतो. मिनेसोटा राज्याने १९६५ मध्ये त्याला राज्यमासा केलं. त्याच्या डोळ्यांच्या आत प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे डोळे दुधाळ, काचेसारखे दिसतात आणि अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा बरं दिसतं. म्हणून तो तिन्हीसांजेला, गढूळ पाण्यात किंवा वाऱ्याने लाटा उठल्या की शिकारीला निघतो. त्याच्यासाठी तिकडचे लोक हिवाळ्यात घरी बसून दोऱ्यावर पाती, मणी आणि गळ ओवून ठेवतात. दख्खनच्या कोमट पाण्यात वॉलाय जगणार नाही. पण तिन्हीसांजेला, गढूळ पाण्यात, तळाशी दबून बसणारा शिकारी मासा आपल्याकडेही आहेच. मरळ आहे, शिंगटा आहे. त्यांना पात्याची थरथर कळते. माशाच्या अंगावरच्या बाजूच्या रेषेत पाण्याचे हेलकावे टिपणारी इंद्रियं असतात. आषाढात मुळेचं पाणी चहासारखं झालेलं असताना डोळ्यांचा उपयोग नसतो, तेव्हा याच रेषेवर शिकार चालते.

घरी फिरकी बांधायला विशेष काही लागत नाही. बाजारात तयार मिळते, पण ती मुळा धरणाच्या फुगवट्यात टाकून पाहा. उन्हाळ्यात पाणी उतरतं, उघड्या पडलेल्या गाळावर गव्हा-हरभऱ्याची गाळपेर होते, आणि जिथे गाळपेर होत नाही तिथे वेडी बाभूळ माजते. पुढच्या पावसाळ्यात ती सगळी बुडते. तयार घेतलेली फिरकी त्या काट्यांत पहिल्या दिवशीच अडकते. दोरा तोडताना पैसे आठवतात आणि माणूस नको तेवढा वेळ ओढत बसतो. घरची फिरकी तोडायला जीव तुटत नाही.

पातं हा तिचा प्राण. जुन्या स्टीलच्या चमच्याचा खोलगट भाग कापून, कडा कानशीने घासून आणि निमुळत्या टोकाला छिद्र पाडून सुरेख पातं होतं. अमेरिकेतल्या जुलिओ ब्युएल या माणसाच्या हातून जेवताना चमचा पाण्यात पडला, मासा त्याच्यावर झेपावला आणि त्यातून त्याला आमिषाची कल्पना सुचली, अशी दंतकथा आहे. पेटंट मात्र खरं, १८५२ चं. पात्याचा आकार नुसता शोभेचा नसतो. गोलसर, खोलगट पातं दोऱ्यापासून लांब फेकलं जातं आणि सावकाश, धपधप फिरतं. कमी वेगातही ते थांबत नाही. लांबट, पानासारखं पातं दोऱ्याला चिकटून भरभर फिरतं आणि जास्त लकाकतं, पण त्याला वेग लागतो. आपल्याकडे मोटरबोट नाही. काठावरून सावकाश ओढायचं, नाहीतर थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून वाऱ्याबरोबर सरकत जायचं. तेव्हा गोल पातंच घ्यावं. निवळ पाण्यात पांढरं स्टील, गढुळात पितळी. पितळी पातं काळं पडलं की चिंचेने घासावं, त्यावर महागडी पॉलिश वाया घालवू नये.

पातं दोऱ्यावर थेट ओवत नाहीत. जाड तांब्याच्या तारेची इंग्रजी यू अक्षरासारखी कडी वळायची, तिच्या दोन्ही टोकांना बारीक वळी करायची, कडीत पातं अडकवायचं आणि वळ्यांतून दोरा घालायचा. म्हणजे कडी दोऱ्याभोवती फिरते आणि दोरा तसाच राहतो. वळीची कड धारदार राहिली तर ती तंगूस कापते. कानस फिरवून बोटाने चाचपून पाहावं. कडीच्या खाली पाच-सहा मणी. कासाराकडचे काचेचे चालतात. मण्यांचं काम दुहेरी: कडी त्यांच्यावर टेकून सुळकन फिरते आणि पातं गळापासून लांब राहतं. मणी कमी पडले तर पात्याचं टोक गळाच्या वाकावर आपटतं आणि फिरणं अडखळतं. मण्यांच्या रंगावर काठावर वाद झडतात. मला त्यात तथ्य कमी आणि मौज जास्त वाटते.

मण्यांच्या खाली गळ. एक किंवा दोन. गांडूळ लावायचं तर दोन बरे. पहिल्यात गांडुळाचं डोकं, चार बोटं मागे दुसऱ्यात त्याचं धड. दोन गळांमध्ये गांडूळ ताणलेलं नको आणि गोळाही व्हायला नको. ते सरळ लोंबलं नाही तर तेही पात्यासारखं फिरू लागतं आणि सगळ्या दोऱ्याला पीळ पडतो. पीळ अडवायला वर भोवरकडी असतेच. बांधलेल्या बैलाची दोरी पिळू नये म्हणून जी कडी लावतात, तिचंच बारकं रूप. भोवरकडीपासून गळापर्यंत हातभर ते दोन हात दोरा, आणि भोवरकडीच्या वर वजन.

गळ बांधायची गाठ ही या कामातली खरी कला. साधारणतः गळाच्या नेढ्यातून दोरा घालून गाठ मारतात. फिरकीला मात्र दोरा दांडीवर गुंडाळून बांधतात: नेढ्यातून दोरा आत घ्यायचा, दांडीला समांतर धरायचा आणि त्याच्याच दुसऱ्या टोकाने दांडीवर सहा-सात वेढे एकमेकांना चिकटून घालायचे, मग दोन्ही बाजूंनी ओढायचं. ही गाठ नेढ्यापेक्षा जुनी आहे. पूर्वी गळाला नेढं नसायचं, दांडीचं टोक नुसतं चपटं ठोकलेलं असायचं. बऱ्याच कोळ्यांच्या दोरीवर आजही तसेच गळ असतात. इंग्लंडमध्ये गळ रेडिच गावात बनत, जिथे सुया बनत. पोलादी तार तीच, कारागीर तेच. तरी सुईचं नेढं गळाला येऊन रुळायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्याच सुमारास, १८७७ मध्ये, नॉर्वेच्या मस्टॅड कारखान्यात गळ बनवण्याचं यंत्र बसलं आणि हातकामाचे दिवस सरत गेले. आपल्याकडे जुने लोक अजून चांगल्या गळाला मस्टॅडच म्हणतात, मग तो कुणाचाही असो.

गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली करावी. कोरडी तंगूस घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. मासा नेमका तिथूनच तोडतो. गळाची धार अंगठ्याच्या नखावर तपासायची: टोक नखावर हलकेच ओढलं की रुतलं पाहिजे. घसरलं तर कानस काढावी, नाहीतर गळ टाकून द्यावा. पोलादाची परीक्षा पकडीत धरून करतात. बोटाने टोक किंचित वाकवायचं, सोडलं की ते जागेवर आलं पाहिजे. वाकूनच राहिलं तर तार मऊ, कडकन तुटलं तर फार कडक. हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रासच्या अधिकाऱ्याने १८७३ मध्ये मंगळूरहून 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक काढलं. त्यात महासीरच्या गळांच्या मजबुतीचा विषय आहेच, कारण त्या माशाच्या जबड्याने चिरडलेले गळ त्या काळच्या साहेबांना सोसावे लागत.

वजनाबद्दल मात्र माझा आग्रह आहे. शिशाची बारकी गोळी दोऱ्यावर बसवताना ती दाताने दाबायची सवय काठावर सर्रास दिसते. शिसं विषारी आहे. घरातल्या चुलीवर शिसं वितळवणाऱ्यांनी तर मुलाबाळांचा विचार करावा. जुना स्पार्कप्लग किंवा एखादा नट तेच काम फुकटात करतो, आणि बाभळीत अडकून राहिला तर पाण्यात शिसंही उरत नाही.

मरळीच्या बाबतीत मन थोडं खट्टू होतं. तिला हवेतला प्राणवायू घेता येतो, म्हणून ती अधूनमधून वर येऊन घुटका घेते आणि आपली जागा दाखवून देते. त्यामुळेच ती बाजारात जिवंत विकता येते आणि तिला भाव मिळतो. पावसाळ्यात नर-मादी मिळून पिल्लं राखतात. लालसर पिल्लांचा पुंजका पाण्याच्या वरच्या थरात खळबळत फिरतो आणि आईबाप त्याच्या खाली असतात. त्या पुंजक्यावरून फिरकी किंवा बेडूक ओढला की मरळ लागणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती तिथे भुकेने येत नाही, पिल्लं वाचवायला येते. मरळ काढली की उरलेल्या पुंजक्यावर शिंगटे आणि बगळे तुटून पडतात आणि एका मरळीच्या पैशात सगळी पैदास जाते. आषाढ-श्रावणात पुंजक्याशेजारी गळ टाकू नये, असं मी लिहितो तेव्हा मला माहीत आहे की ज्याचं पोट त्या मरळीवर आहे त्याला हे सांगणं सोपं नाही. पण हौशी माणसाला सांगायला काहीच हरकत नाही. गाडीतून येऊन महागडा रॉड लावणाऱ्याने एवढं तरी पाळावं. गळाचा उलटा दात पकडीने दाबून टाकला तर लागलेला मासा सोडतानाही त्याचं तोंड फाटत नाही.

हाच उलटा दात माणसाच्या बोटात शिरला की कळतं. ओढून काढायला गेलं तर मांस फाटतं. उथळ रुतला असेल तर वाकाला मजबूत दोरा बांधतात, दांडी कातडीवर दाबून धरतात आणि दोरा एका झटक्यात ओढतात. डोळ्याजवळ किंवा खोल रुतला असेल तर हात न लावता दवाखाना, आणि दोन्ही बाबतींत धनुर्वाताचं इंजेक्शन.

धरणातला मासा कुणाचा, हा प्रश्न गळ टाकण्याआधी विचारायचा. राज्यातले जलाशय मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो. बोटुकली सोडायची आणि मासेमारी करायची, असा तो व्यवहार. मुळा, प्रवरा आणि गोदावरीच्या काठावर भोई, कोळी आणि भिल्ल कुटुंबं पिढ्यान्पिढ्या या पाण्यावर जगत आली आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांच्या सहकारी संस्था आहेत, तर कित्येक जण दुसऱ्याच्या ठेक्यात मजुरीने जाळं ओढतात. त्यामुळे गळवाल्याने आधी विचारणं हा कायद्याइतकाच रीतीचा भाग. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे, तरी उन्हाळ्यात डोहाचं पाणी आटलं की तसं करणारे निघतातच. ते दोन्ही उपाय माशाचं तोंड पाहत नाहीत, सगळ्यांना सारखंच मारतात.

दिवाळीनंतर पाणी निवळतं. रब्बीचं आवर्तन सुटलं की धरणाची पातळी उतरू लागते आणि मासे काठाच्या उथळातून खोलात सरकतात. मुळेच्या कालव्यांत जिथे पाणी वळणावर घोटाळतं, तिथे आवर्तन बंद झाल्यावर डबकी उरतात आणि त्यांत अडकलेली मरळ, शिंगटा, चिलापी सगळी एकत्र सापडते. थंडीत मरळ सुस्तावते. तिच्यासमोर फिरकी जितकी सावकाश ओढता येईल तितकी ओढावी, पातं जेमतेम फिरेल एवढीच. रॉडच्या टोकाला घुंगरू बांधून शेकोटीपाशी बसणारे आहेतच.

पेटीत आता आणखी एक कप्पा वाढतो आहे. राज्यातल्या जलाशयांत पिंजरे टाकून पंगेशियस आणि सुधारित चिलापी वाढवली जाते. पुरात किंवा वादळात पिंजरा फाटला की मासा मोकळा होतो. पंगेशियस मूळचा मेकाँगच्या खोऱ्यातला, मिशावाला, मोठ्या तोंडाचा आणि मिळेल ते खाणारा. तो पावाच्या गोळ्यालाही लागतो आणि कोंबडीच्या काळजालाही. त्याच्यासाठी आठ नंबर फार बारीक पडतो, म्हणून लोक पुन्हा एक-शून्य आणि दोन-शून्य मागू लागले आहेत. मात्र हे गळ तळाच्या, मरळीच्या गंजलेल्या गळांसारखे जाड तारेचे नसतात. पंगेशियसचा ओठ मऊ असतो, त्याला पातळ तारेचा, रुंद तोंडाचा गळ लागतो.